जुन्या थिंकपॅडमध्ये क्रुशियल एमएक्स५००: घरच्या घरी बसवलेल्या एसएसडीचे परीक्षण

लेनोवोचा थिंकपॅड टी४३० हा २०१२ सालचा लॅपटॉप सेकंडहँड बाजारात अजूनही दिसतो. त्याचा कीबोर्ड आणि एकंदर बांधणी आजच्या अनेक नव्या लॅपटॉपना लाजवील अशी आहे. तो रखडतो तो मुख्यतः आतल्या फिरत्या हार्ड डिस्कमुळे. अशाच एका टी४३० मधली ५०० जीबीची मूळ डिस्क काढून तिच्या जागी तेवढ्याच क्षमतेची क्रुशियल एमएक्स५०० ही अडीच इंची एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क) मी स्वतः बसवली. हे परीक्षण त्या एसएसडीचे आहे, आणि ती बसवण्याच्या कामाचेही.

खोक्यावर ठळकपणे छापलेला आकडा सेकंदाला ५६० एमबी वाचनाचा आहे. लेखनाचा वेग ५१० एमबी सांगितला जातो. डिस्क लॅपटॉपला जोडणाऱ्या साटा जोडणीची कमाल मर्यादाच साधारण एवढी असल्याने जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या खोक्यावर थोड्याफार फरकाने हाच आकडा आढळतो, त्यामुळे तो पाहून निवड करण्यात काही अर्थ नाही. वापरताना जाणवणारा फरक निराळ्याच कारणाने पडतो. हार्ड डिस्कमधल्या, मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एक फेरा पूर्ण करायला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी असलेली माहिती ती वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत सरासरी साडेपाच मिलिसेकंद नुसती वाट पाहण्यात जातात, आणि हेड योग्य जागी सरकण्याचा वेळ त्याहूनही अधिक असतो. परिणामी अशी डिस्क विखुरलेल्या जागांवरचे वाचन सेकंदाला जेमतेम साठ-सत्तर वेळा करू शकते, आणि लॅपटॉप सुरू होताना तर हजारो लहान लहान फाइली वाचाव्या लागतात. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्यामुळे हेच काम मायक्रोसेकंदांत होते.

मग एमएक्स५०० च का? क्रुशियलचीच बीएक्स५०० त्याहून स्वस्त आहे. परंतु तिच्यात स्वतंत्र डीरॅम (कोणती माहिती कुठे आहे याची नोंद ठेवणारी वेगवान मेमरी) नाही, मोठी फाइल सलग लिहीत राहिल्यास तिचा वेग लक्षणीय घसरतो आणि हमी तीन वर्षांची आहे. एमएक्स५०० मध्ये डीरॅम आहे, हमी पाच वर्षांची आहे, आणि ५०० जीबीच्या मॉडेलसाठी लेखनाची मर्यादा १८० टेराबाइट दिलेली आहे. म्हणजे पाच वर्षे रोज ९८ जीबी लिहिले तर ती मर्यादा गाठली जाईल. घरगुती वापरात याच्या दहाव्या हिश्श्याइतकेही लेखन क्वचितच होते. वीज अचानक गेल्यास आधी साठवलेली माहिती सुरक्षित राहील अशी सोय तिच्यात आहे. बॅटरी संपुष्टात आलेल्या जुन्या लॅपटॉपला आणि भारनियमनाची सवय असलेल्या गावांना ही सोय मोलाची आहे; मात्र वीज गेली त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल तिच्यामुळे वाचेल, असा समज करून घेऊ नये.

प्रत्यक्ष बदलाचे काम टी४३० मध्ये इतके सोपे आहे की दुकानदाराला त्याची मजुरी देणे जिवावर यावे. लॅपटॉप बंद करून चार्जर आणि बॅटरी काढली, डिस्कच्या कप्प्यावरील झाकणाचा एकुलता एक स्क्रू सैल केला आणि झाकण दूर करून डिस्क सरळ रेषेत बाहेर ओढली, की निम्मे काम झाले. डिस्कच्या दोन्ही कडांना रबरी पट्ट्या असतात. त्या सांभाळून काढून नव्या डिस्कला चढवाव्या लागतात. सेकंडहँड लॅपटॉप घेताना या पट्ट्या जागेवर आहेत का ते अवश्य पाहावे, कारण त्या नसतील तर डिस्क कप्प्यात हलते आणि सगळा ताण मागच्या जोडणीवर येतो. एमएक्स५०० ची जाडी ७ मिमी आहे आणि साडेनऊ मिमीच्या कप्प्यासाठी खोक्यात प्लॅस्टिकची एक चिकटणारी चौकट दिलेली असते. मला तिची गरज पडली नाही, पण त्याच काळातल्या इतर अनेक लॅपटॉपमध्ये पडू शकते. नवी डिस्क आत सरकवताना जोर लावू नये. ती नीट जुळली की किंचित दाबाने बसते आणि बसल्याचे हाताला स्पष्ट कळते.

खरी कसोटी असते ती आपल्या माहितीची. जुनी डिस्क जशीच्या तशी उतरवून घ्यायची असेल तर साटा ते यूएसबी केबल वेगळी विकत घ्यावी लागते; ती खोक्यात नसते, आणि एमएक्स५०० मधली ही उणीव मला खटकली. अशी हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, करण्यासाठी ॲक्रोनिसचे सॉफ्टवेअर मात्र क्रुशियलच्या संकेतस्थळावरून विनामूल्य मिळते. त्याआधी जुन्या डिस्कचे स्मार्ट अहवाल (डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद) तपासावेत आणि खराब सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे भाग, दिसू लागले असतील तर क्लोनच्या भानगडीत न पडता आधी कागदपत्रे व छायाचित्रे बाहेर काढावीत. क्षमतेचेही ध्यान ठेवावे: ५०० जीबीची डिस्क ४८० जीबीच्या एसएसडीवर उतरवायची तर आधी पार्टिशन, म्हणजे डिस्कवर आखलेला भाग, आवळावे लागते.

मी क्लोन केलाच नाही. विंडोज १० चे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि टी४३० मधले तिसऱ्या पिढीचे इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत, तेव्हा नव्या डिस्कवर जुने विंडोज वाहून नेण्यापेक्षा लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकणे मला शहाणपणाचे वाटले. एसएसडीला आवश्यक असलेली ट्रिमची क्रिया (पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचे डिस्कला कळवणे) त्यात आठवड्यातून एकदा आपोआप होते आणि इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीने मराठी टंकलेखनही सुरळीत चालते.

बदलानंतर लॅपटॉप झटपट सुरू होतो, लिब्रेऑफिसची मोठी फाइल उघडताना थांबावे लागत नाही आणि डिस्कची घरघर पूर्ण थांबली आहे. प्रोसेसरचे काम मात्र जिथल्या तिथेच आहे: व्हिडिओ रूपांतरित करायला पूर्वीइतकाच वेळ लागतो. रॅम ४ जीबीच असेल तर ब्राउझरच्या बऱ्याच खिडक्या उघडताच एसएसडी असूनही लॅपटॉप अडखळतो. त्यामुळे याच खेपेत रॅम ८ जीबी करून घेतलेली बरी.

खरेदीबाबत एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. क्रुशियलची मालक कंपनी मायक्रॉन हिने डिसेंबर २०२५ मध्ये हा ग्राहकोपयोगी ब्रँड बंद करण्याचे जाहीर केले. माल फेब्रुवारी २०२६ पर्यंत पुरवला जाईल आणि हमीची सेवा पुढेही चालू राहील, असे कंपनीने तेव्हा सांगितले होते. तेव्हा सीलबंद खोके, पक्के बिल आणि रास्त किंमत या तिन्ही गोष्टी जुळत असतील तरच एमएक्स५०० घ्यावी. तसे न जमल्यास सॅमसंग ८७० ईव्हो हा माझ्या मते सर्वात जवळचा पर्याय आहे: तिचीही हमी पाच वर्षांची आहे, आणि ५०० जीबीला लेखनाची मर्यादा ३०० टेराबाइट आहे.