बिननावाची पितळी शिट्टी : कारागीर ओळखावा कसा?

लीड्समधल्या जुन्या वाद्यांच्या एका दुकानातून घेतलेल्या या टिन व्हिसलला, म्हणजे उभी धरून वाजवायच्या, सहा भोकांच्या पत्र्याच्या शिट्टीला, ‘हातबनावटीची आयरिश शिट्टी, डी’ एवढीच चिठ्ठी अडकवलेली होती. किंमत ४५ पौंड. नळीवर शिक्का नाही, आद्याक्षरे नाहीत, डी या स्वराचे अक्षरही कोरलेले नाही. दुकानदाराकडे ‘एका संग्रहातून आली’ यापलीकडे माहिती नव्हती. कारखान्यात बनलेली नवी शिट्टी याच्या कितीतरी कमी पैशांत मिळत असताना जास्तीचे पैसे आपण नेमके कशाचे मोजतो, हे ठरवायचे तर कारागिराचा माग काढणे भाग होते. म्हणून या परीक्षणात वाजण्याइतकीच जागा घडणीलाही दिली आहे.

चिठ्ठीवरचा ‘आयरिश’ हा शब्द आधी बाजूला ठेवावा. या वाद्यातून निघणारे संगीत आयरिश असते हे खरे, पण पत्र्याच्या शिट्टीचा धंदा उभा राहिला तो इंग्लंडमध्ये. सफक परगण्यातल्या कोनी वेस्टन या गावच्या रॉबर्ट क्लार्क यांनी १८४३ मध्ये कल्हईच्या पत्र्याची शिट्टी बनवायला सुरुवात केली आणि पुढे मँचेस्टर गाठले. पत्रा गुंडाळून केलेली निमुळती नळी आणि तोंडाशी फुंकरीला वाट करून देणारा लाकडी गट्टू ही त्यांची रचना आजही टिकून आहे. जनरेशन कंपनीच्या शिट्ट्या मात्र सरळ नळीच्या आणि प्लॅस्टिकच्या डोक्याच्या असतात. माझी शिट्टी निमुळती आहे, गट्टू लाकडी आहे आणि पत्रा पितळेचा आहे. एवढ्यावरूनच अर्धी नावे गळतात.

उरलेली नावे गाळण्यासाठी भिंग आणि बारीक विजेरी लागते. मागच्या बाजूने वरपासून खालपर्यंत गेलेला सांधा डाग देऊन जोडलेला आहे आणि डागाची रेघ सरळ असली तरी तिची जाडी एकसारखी नाही. तळाशी धातूचा एक थेंब ओघळून तसाच थिजला आहे. भोकांच्या आतल्या कडेवर बोट फिरवता येत नाही, पण नळीत प्रकाश सोडला की प्रत्येक भोकाभोवती आत वळलेली बारीक खरखर दिसते, म्हणजे भोके बाहेरून आत पाडलेली आहेत. सर्वांत बोलकी जागा म्हणजे खिडकी, जिथे फुंकर धारेवर आपटून स्वर निघतो. इथे धारेच्या वरच्या उतारावर कानशीचे आडवे ओरखडे स्पष्ट आहेत आणि ते डावीकडे थोडे जास्त खोल गेले आहेत. यंत्राच्या ठशातून निघालेली धार अशी नसते. हा उतार माणसाने हाताने घासला आणि पुरे वाटले तिथे थांबला, याबद्दल मला शंका नाही.

हातबनावटीच्या शिट्ट्यांना नव्याने मागणी आली ती १९७० च्या दशकापासून. आयरिश वादक फिनबार फ्युरी यांची भारतातून आणलेली बांबूची बासरी मोडली, तेव्हा इंग्लंडमधल्या रग्बी गावच्या बर्नार्ड ओव्हरटन यांनी त्यांच्यासाठी ॲल्युमिनियमची शिट्टी घडवली आणि तिच्यातूनच आजची खर्जातली लो व्हिसल आली. या घराण्याच्या मुळाशी आपल्याकडची बासरी आहे, हे जाता जाता नोंदवण्यासारखे आहे. पण ओव्हरटन यांचे काम ॲल्युमिनियममधले, तेव्हा ते नाव इथे लागू होत नाही. अमेरिकेतले जॉन सिंट पितळ वापरत, पण नळी सरळ ठेवत. मायकेल कोपलँड यांची नळी निमुळती, पण डोकेही धातूचेच. पत्रा गुंडाळून, सांध्याला डाग देऊन आणि लाकडी गट्टू बसवून पितळी शिट्ट्या करणारे ठळक नाव उरते ते डेव्ह शॉ यांचे. ते मुळात नॉर्थम्ब्रियन स्मॉलपाइप, म्हणजे उत्तर इंग्लंडमधली छोटी बॅगपाइप, घडवणारे. भरपूर हवा मागणारी आणि मोकळ्या, मोठ्या आवाजाची शिट्टी ही त्यांची ओळख आहे. माझी शिट्टी त्याच पठडीतली आहे. तरीही सांध्याच्या डागातला ढिलेपणा पाहता ती सरावलेल्या वाद्यकाराच्या बाकावरची नसून त्या नमुन्यावर हात बसवणाऱ्या एखाद्या हौशी कारागिराची असावी, असे माझे मत आहे.

काळाचा अंदाज सुरावरून बांधता येतो. आज रूढ असलेला ए म्हणजे ४४० हर्ट्झ हा सूर लंडनच्या १९३९ च्या परिषदेत ठरला आणि त्याआधी इंग्लंडमधली कितीतरी वाद्ये याहून चढी असत. ही शिट्टी ट्यूनरवर आजच्या डीला, म्हणजे आपल्या पांढरी दोनला चोख लागते, त्यामुळे ती आजोबांच्या काळातली म्हणून विकण्यात अर्थ नाही. गट्टू शिशाचा नाही, हाही दिलासा आहे. जुन्या शिट्ट्यांत शिशाचे गट्टू सर्रास असत. नखाने ओरखडा उठेल असा मऊ, करडा गट्टू दिसला तर ते वाद्य ओठांना लावू नये.

वाजवताना खालचे सप्तक थोडे हवेशीर आणि दबके वाटते, सगळी भोके बंद केल्यावरचा डी तर जपूनच फुंकावा लागतो. वरचे सप्तक मात्र लख्ख आहे आणि खालच्याशी सुरात राहते, जे निमुळत्या नळीकडून अपेक्षितच असते. बासरी वाजवणाऱ्यांनी वरची तीन भोके बंद करून षड्ज धरला तर पांढरी पाच मिळते, आणि सगळी भोके उघडी ठेवल्यावर तीव्र मध्यम येतो, अगदी आपल्या बासरीसारखा. फरक शुद्ध मध्यमाचा. बासरीवर त्यासाठी अर्धे भोक दाबावे लागते. इथे पहिले भोक उघडे ठेवून दुसरे-तिसरे बंद केले की तो सहज येतो आणि या शिट्टीवर तो किंचितही चढत नाही. भोकांच्या जागा नेमक्या ठरवल्याशिवाय हे साधत नाही, म्हणून डाग देताना ढिला असलेला हा कारागीर कानाने मात्र पक्का होता असे म्हणावे लागते.

४५ पौंड ही किंमत वाद्याच्या मानाने योग्य आहे, नावाच्या मानाने नाही. कुणी हीच वस्तू ‘शॉ’ म्हणून दुप्पट भावाने देऊ केली तर घेऊ नये. नवशिक्याने हिच्या वाटेला जाऊ नये, कारण खालच्या सप्तकातला दोष वाद्याचा की फुंकीचा हे त्याला कळणार नाही. लाकडी गट्टू ओलाव्याने फुगतो, तेव्हा वाजवून झाल्यावर शिट्टी उघड्यावर सुकू द्यावी. विकत घेण्याआधी खिडकीचा जवळून फोटो मागवावा, मागचा सांधा पाहावा, आणि आवाज सुधारण्याच्या नादात धारेला कानस लावायला कुणालाही देऊ नये.