आगोंद: काळोख राखणारं घर

फोंड्यात माझा वायरिंगचा धंदा आहे, त्यामुळे कुठेही राहायला गेलो की आधी दिव्यांकडे लक्ष जातं. आगोंदच्या किनाऱ्यालगतच्या या चार खोल्यांच्या घरात फेब्रुवारीत आईला घेऊन राहिलो. इथलं काम मनापासून आवडलं.

गोव्यातल्या काणकोण तालुक्यातले आगोंद आणि गालजीबाग हे ऑलिव्ह रिडले कासवांचे किनारे. थंडीच्या दिवसांत मादी रात्री वाळूत चढते, शंभरेक अंडी पुरते आणि परत जाते. वनखातं अंडी कुंपणात राखतं. पण किनारा लख्ख उजळलेला असला तर मादी वर येतच नाही, आणि पिल्लं उजेड दिसेल तिकडे धावतात. पूर्वी उजळ बाजू म्हणजे समुद्रच, कारण मागे माडांचा काळोख. आता मागे फ्लडलाइट असतात.

या घराच्या समुद्राकडच्या भिंतीवर एकही दिवा नाही. पडवीची कौलं इतकी खाली उतरवलीत की खोलीतला उजेड अंगणातच संपतो. वाटेवर गुडघाभर उंचीचे, वरून झाकलेले अंबर, म्हणजे पिवळट-नारिंगी उजेडाचे एलईडी. माणूस आला की लागतात, गेला की विझतात. पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश भरपूर असतो आणि कासवांना तोच जास्त भुलवतो. अंबरमध्ये तो नसल्यातच जमा. किडेही कमी येतात, पडवीत जेवताना ताटात एक पाखरू पडलं नाही. रात्री वाळूत उतरून मी मुद्दाम मागे पाहिलं. घर माडांत मिसळून गेलं होतं आणि शेजारची रोषणाई थेट लाटांवर पडत होती.

खिडक्यांना काचेऐवजी गोव्यातल्या जुन्या घरांसारख्या शिंपल्या बसवल्यात. दिवसा उजेड मऊ येतो, आणि काचेत आभाळ बघून पक्षी आपटायची भीती नाही. चिऱ्याच्या कुंपणात खाली सांधी सोडल्यात, संध्याकाळी मुंगूस त्यातूनच आत आलं.

दोन गोष्टी मात्र सुधारायला हव्यात. मागच्या न्हाणीच्या झरोक्यातून ६५०० केल्विनची, म्हणजे निळसर झाक असलेली पांढरी ट्यूब सरळ बाहेर दिसते. एवढं सगळं केल्यावर ती राहावी याचं वाईट वाटलं. मालकीणबाईंना दाखवली, त्यांनी लगेच लिहून घेतलं. दुसरं, वरच्या खोलीचा जिना फार अंधारा आहे. पायऱ्यांच्या कडेला खाली तोंड केलेली अंबर पट्टी लावली तर वाळूवर एक किरणही जाणार नाही आणि पायरी दिसेल. तोवर घरात म्हातारं माणूस असेल तर खालचीच खोली मागून घ्या.