सेकंडहँड गांडूळपेटी : नऊ महिन्यांनंतर

गणपती गेले त्याच आठवड्यात सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका काकांकडून ओल्या कचऱ्याचं गांडूळखत करायची ही पेटी घेतली. एकावर एक तीन ट्रे, खाली पाणी साठायचं भांडं, त्याला तोटी. आठशे म्हणाले, सातशेला दिली. "गांडुळं जगत नाहीत ओ यात," एवढंच बोलले. का जगत नाहीत ते मी पेटी धुवायला घेतल्यावर कळलं. ट्रेची निम्मी भोकं वाळक्या चिखलानं बुजलेली, तोटी तर गच्चच. पाणी उतरायला वाटच नाही, म्हणजे बुडालीच असणार बिचारी. सांगलीकराला हे जास्त समजावायला नको.

भोकं विणायच्या सुईनं मोकळी केली, तोटीचा वायसर बदलला. जुनी पेटी बघायला गेलात तर आधी वरून तांब्याभर पाणी ओता आणि खालून येतंय का बघा. रंग उडालेला असला तरी काही बिघडत नाही.

तळाला नारळाच्या शेंड्या, वर उसाचं पाचट बारीक करून, त्यावर गोठ्यातलं शेण. शेण ताजं होतं. दुसऱ्या दिवशी हात घातला तर चांगलंच गरम. सासूबाई म्हणाल्या, "अगं, उकिरड्यातनं वाफ निघती ती बघितली नाहीस व्हय कधी?" मग पंधरा दिवस पाणी शिंपडून ते निववलं आणि नर्सरीतून आणलेली अर्धा किलो तांबडी गांडुळं सोडली. जात आयसेनिया फेटिडा. बागेतली उकरून टाकू नका, ती मातीत खोल राहणारी असतात, नुसत्या कचऱ्यावर टिकत नाहीत.

आता हिशोब. सगळं छान जमलं तर गांडूळ दिवसाला आपल्या वजनाच्या निम्मं खातं. अर्धा किलोला पावशेर. आमच्या चौघांचा ओला कचरा रोज पाऊण किलो. म्हणजे पेटीत घरचा सगळा कचरा जिरेल ही आशा सोडा. मी सोडली नव्हती. फेब्रुवारीत द्राक्षं स्वस्त झाली, द्राक्षांच्या खोक्यातली मऊ पडलेली दोन किलो गांडुळांवर एकदम ओतली. चार दिवसांत आंबूस वास, चिलटांचे ढग, आणि गांडुळं झाकणाला चिकटलेली. द्राक्षं उपसली, कोरडं पाचट आणि अंड्याच्या टरफलांची पूड घातली, आठवडाभर खायला काही दिलं नाही. तेव्हा कुठे ती खाली गेली.

एप्रिलमधला उन्हाळा त्याहून अवघड. पस्तिशीच्या पुढे पारा गेला की ही जात तग धरत नाही, आणि आपल्याकडे तर चाळिशी. पेटी गच्चीवरून मोरीच्या बोळात आणली, ओलं गोणपाट दिवसातून तीनदा. तरी बरीच मेली. मुंग्यांसाठी हळद टाकून पाहिली, हळदीच्या गावात हळदीचाच काही उपयोग झाला नाही. स्टुलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, प्रश्न मिटला.

तोटीतून येणाऱ्या काळ्या पाण्याला लोक व्हर्मीवॉश, म्हणजे गांडुळांचं पातळ खत, म्हणून मिरवतात. ते कचऱ्याचं निथळलेलं पाणी, जास्त आलं तर आत ओल जास्त झाली एवढाच त्याचा अर्थ. मी ते दहापट पाणी घालून जास्वंदीला देते, पालेभाजीला नाही.

खत पहिल्यांदा जानेवारीत निघालं, चाळून तीन किलो. मोगऱ्याला घातलं. आता वरच्या ट्रेमध्ये लिंबासारख्या घाटाची बारीक अंडी दिसायला लागलीत. शेजारच्या काकू मूठभर गांडुळं मागतायत. म्हटलं, पाऊस नीट लागू दे, उन्हाळ्यातून आत्ताच सावरतायत.