अमेरिकेत ग्रीन कार्डच्या रांगेत थांबावे, की कॅनडाचा पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) घ्यावा?

एच-१बी या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर अनेक वर्षे काढलेल्या, आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर असूनही पुढचे पाऊल न उचलता आलेल्या मराठी कुटुंबांसाठी हे लिहीत आहे. मी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात एका ओतकामाच्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर म्हणून जवळपास दहा वर्षे काम केले आणि २०२४ च्या मे महिन्यात पत्नी व मुलासह ऑन्टारियोला आलो. दोन्हीकडचे फॉर्म, फी आणि पायऱ्या वाचकांना ठाऊक असणारच, त्यामुळे त्यांची उजळणी करत नाही. माझा कौल कोणत्या बाजूला आहे ते पुढे दिसेलच. पण दुसऱ्या बाजूलाही खरे वजन आहे आणि ते आधी मांडले पाहिजे.

कामाच्या बाबतीत अमेरिकेला तोड नाही. पगार, कामाचा आवाका, एक नोकरी गेली तर दुसरी मिळण्याची शक्यता, या तिन्ही गोष्टींत ती माझ्या अनुभवाप्रमाणे पुढे आहे. शिवाय तिथे माणसांची गरज होती आणि ती डोळ्यांना दिसत होती. २०२२ च्या मार्चमध्ये देशभरात सुमारे १ कोटी २० लाख जागा रिकाम्या होत्या, म्हणजे दर बेरोजगार माणसामागे जवळजवळ दोन. आमच्या कारखान्याच्या फाटकावर कामगार हवे असल्याचा कापडी फलक दोन हिवाळे टांगलेला होता. उन्हापावसाने त्याची अक्षरे पुसट झाली तेव्हा मालकांनी तसाच नवा करून लावला. रात्रपाळीला मोल्डिंगच्या दोन लाइनींपैकी एकच चालत असे, कारण दुसरीवर उभे राहायला माणसेच नव्हती. अशा बारमाही कामासाठी परदेशातून माणूस आणायचा तर कायद्यात धड वाट नाही. एच-२ए शेतीच्या हंगामी कामासाठी आहे, एच-२बी इतर हंगामी कामांसाठी आणि तोही वर्षाला ६६,००० पुरता. कमी कौशल्याच्या कायम कामासाठी ग्रीन कार्डे वर्षाला फार तर १०,०००.

माझी स्वतःची जागा मात्र टंचाईची म्हणून सरकारदरबारी सिद्ध झालेली होती. पर्मचा, म्हणजे ग्रीन कार्डाआधी लागणाऱ्या कामगार खात्याच्या मंजुरीचा, अर्ज भरण्याआधी कंपनीने नियमाप्रमाणे दोन रविवारी वृत्तपत्रात जाहिरात दिली, राज्याच्या रोजगार यंत्रणेकडे जागा नोंदवली, कारखान्यातल्या सूचनाफलकावर नोटीस लावली आणि या कामाला योग्य स्थानिक माणूस उपलब्ध नाही हे कामगार खात्याने मान्य केले. माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, मार्च २०१५ ची. म्हणजे ज्या टंचाईची खात्री २०१५ मध्ये पटली, तिच्यासाठीचे कायमचे कार्ड कधी मिळायचे हे माझ्या कामावरून नव्हे, तर माझ्या जन्मस्थानावरून ठरायचे होते. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला १,४०,०००, त्यांत बायकामुलांचीही मोजणी, आणि कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा; हे सारे १९९० च्या कायद्यापासून चालत आलेले आहे.

ही रांग केवळ सावकाश पुढे जाते असे नाही, ती मागेही येते. महामारीच्या काळात कौटुंबिक वर्गातली न वापरलेली कार्डे नोकरीच्या वर्गाकडे वळली आणि २०२२ च्या आर्थिक वर्षात हा कोटा सुमारे २ लाख ८१ हजारांवर गेला. त्या उन्हाळ्यात ईबी-२ या माझ्या वर्गाची भारतासाठीची तारीख, म्हणजे जिच्याआधीच्या प्रायॉरिटी डेटवाल्यांचीच पाळी येते ती, १ डिसेंबर २०१४ पर्यंत आली. माझ्यापासून चार महिन्यांवर. घरात आम्ही वैद्यकीय तपासणीचे कागद काढून ठेवले, पुण्याहून जन्मदाखल्याची नवी प्रत मागवली. ऑक्टोबरच्या व्हिसा बुलेटिनमध्ये (या तारखांच्या मासिक सरकारी पत्रकात) तीच तारीख १ एप्रिल २०१२ वर गेली आणि डिसेंबरात ८ ऑक्टोबर २०११ वर. २०२५ च्या उन्हाळ्यातही ती जेमतेम १ जानेवारी २०१३ पर्यंत पोहोचली होती.

कायदा बदलेल या आशेवर थांबलेल्यांना एवढेच आदराने सांगतो की त्या आशेवर मीही माझी बरीच वर्षे घालवली आहेत. २०१३ मध्ये सिनेटने व्यापक सुधारणा विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत केले; प्रतिनिधिगृहात ते मतदानालाही आले नाही. २०१९ मध्ये देशवार मर्यादा काढणारे विधेयक प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ अशा भरघोस मतांनी गेले, पुढच्या वर्षी डिसेंबरात सिनेटने त्याचा वेगळा मसुदा मंजूर केला, आणि दोन्हींचा मेळ बसण्याआधी त्या संसदेची मुदत संपली. सप्टेंबर २०२५ मध्ये तर परदेशातून आणायच्या माणसांसाठीच्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरची रक्कम लावणारी घोषणा झाली. यातून पुढचा अंदाज बांधण्याइतका मी जाणकार नाही. पण संसारातले निर्णय या भरवशावर लांबवू नयेत, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

इतके असूनही मी कदाचित थांबलो असतो. पगार चांगला होता, काम आवडीचे होते, मुलाची शाळा उत्तम होती. मला हलवले ते गाडी चालवण्याच्या परवान्याने.

२००५ च्या रिअल आयडी कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाचा परवाना त्याच्या मुक्कामाच्या मुदतीपुरताच दिला जातो. माझ्या परवान्यावर ‘मर्यादित मुदत’ अशी अक्षरे छापलेली होती आणि शेवटची तारीख आय-९४ या मुक्कामाची मुदत सांगणाऱ्या कागदावरची, जुलै २०१७. एप्रिलमध्ये कंपनीने मुदतवाढीचा अर्ज केला, पण त्याच महिन्यात एच-१बीची प्रीमियम प्रोसेसिंग, म्हणजे जादा फी भरून लवकर निकाल मिळवण्याची सोय, बंद झाली आणि जुलै उलटला तरी मंजुरीचा पत्ता नव्हता. अर्ज वेळेत केलेला असल्यामुळे त्याच मालकाकडे २४० दिवस काम करत राहण्याची मला कायद्याने मुभा होती. परवान्याच्या कार्यालयात मात्र खिडकीवरच्या बाईंनी अर्जाची पावती दोनदा वाचली, कोणाला तरी आत विचारून आल्या आणि मंजुरीचा कागद लागेल असे शांतपणे सांगितले. पत्नीचा परवाना माझ्याच तारखेला बांधलेला, म्हणून तोही त्याच दिवशी संपला. कारखाना घरापासून २६ मैल, आणि त्या रस्त्याला बस नाही. काम करण्याची परवानगी होती, कामावर गाडी चालवत जाण्याची नव्हती.

ऑक्टोबरात मंजुरी येईपर्यंत मेंटेनन्समधला एक वयस्कर फिटर रोज पहाटे पावणेसहाला त्याचा पिकअप ट्रक घेऊन आमच्या दाराशी थांबत असे. पेट्रोलचे पैसे त्याने कधी घेतले नाहीत. पत्नीने दिलेला शिऱ्याचा डबा तेवढा घेई. एकदा त्याने माझा परवाना हातात घेऊन नीट पाहिला आणि स्वतःचा काढून शेजारी धरला. त्याचा परवाना त्याच्या वाढदिवसाला संपत होता. तुझाही वाढदिवस जुलैत असतो का, असे त्याने अगदी निर्मळ मनाने विचारले. माझ्यापाशी उत्तर होते, पण ते त्याला समजावून सांगता येईना.

त्या तीन महिन्यांत मुलाला दाखवायला दवाखान्यात न्यायचे झाले, किराणा आणायचा झाला, तर कोणाला तरी फोन करावा लागे. पुढे दर मुदतवाढीला हीच धाकधूक, आणि पगारवाढीने किंवा बढतीने ती कमी होत नव्हती. पुष्कळांच्या निर्णयात मुलाचे एकविसावे वर्ष मुख्य असते, कारण तोवर कार्ड आले नाही तर मूल आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडू शकते. आमचा मुलगाही पुण्यात जन्मलेला, त्यामुळे ते कारण आम्हालाही होतेच. तरी मनाने मी निघालो तो त्या उन्हाळ्यात, आणि २०२२ च्या डिसेंबरातल्या बुलेटिननंतर प्रत्यक्ष कागद भरायला बसलो.

कॅनडाकडे वळताना तिथे सगळे सोपे आहे असा समज करून घेऊ नये. एक्सप्रेस एन्ट्री या गुणांवर निवड करणाऱ्या पद्धतीत जन्मस्थानाची रांग नाही, ही त्यातली सर्वांत मोठी गोष्ट. पण तिथे वय मोजले जाते: तिशीपासून दर वर्षी गुण घटतात आणि पंचेचाळिशीला वयाचे गुण शून्य होतात. मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो आणि केवळ स्वतःच्या गुणांवर मला निमंत्रण आले नसते. ऑन्टारियो प्रांताचे नामांकन मिळाले, त्याचे ६०० गुण जमा झाले, तेव्हा काम झाले. त्यानंतर दार अरुंद झाले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने २०२५ साठीचे नव्या पीआरचे उद्दिष्ट ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणले आणि मार्च २०२५ पासून नोकरीच्या प्रस्तावाचे जादा गुण बंद केले. त्यामुळे ज्यांना हा पर्याय हवा आहे त्यांनी अमेरिकेतली रांग न सोडता इंग्रजीची परीक्षा आणि पदवीचे मूल्यमापन आजच करून ठेवावे. फ्रेंच येत असेल तर पारडे बरेच जड होते.

इथल्या उणिवाही सांगतो. माझा हातात येणारा पगार जवळजवळ पाव हिश्श्याने घटला. घरांच्या किमती पाहून आम्ही अजून भाड्यानेच राहतो. फॅमिली डॉक्टर मिळायला आम्हाला वर्ष लागले. पत्नीला आपल्या क्षेत्रात पूर्वीच्या पायरीचे काम मिळायला आठ महिने गेले. पण ते ती कोणत्याही कार्डाची मुदत न मोजता शोधू शकली. अमेरिकेत एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर तिला मिळालेला कामाचा परवाना माझ्याच तारखेला बांधलेला होता.

ज्यांची प्रायॉरिटी डेट २०१३ किंवा त्याआधीची आहे, ज्यांच्या जोडीदाराचा जन्म भारताबाहेर झाला आहे, किंवा ज्यांना ईबी-१ या वरच्या वर्गाची खरी शक्यता आहे, त्यांनी थांबावे असेच मी सुचवीन. चाळिशी ओलांडलेल्यांना आणि मुले मोठ्या वर्गांत असलेल्यांना स्थलांतराचा त्रास आमच्यापेक्षा जास्त होईल, हेही खरे. पण २०१५ किंवा त्यानंतरची तारीख असेल, वय पस्तिशीच्या आतबाहेर असेल आणि मुले लहान असतील, तर मला वाटते की पगारातला फरक सोसण्यासारखा आहे.

ऑन्टारियोत अमेरिकेतला परवाना बदलून घेता येतो, आणि दोन वर्षांहून अधिक अनुभव असेल तर परीक्षा न देता पूर्ण परवाना मिळतो. आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आम्ही दोघे गेलो. पाच वर्षांचा मिळाला. घरी आल्यावर पत्नीने तो उलटसुलट करून पाहिला, मुदतीच्या तारखेवर बोट ठेवले आणि मी त्या कार्डाचा फोटो काढून फिटरला पाठवला. १७ नोव्हेंबर, माझा वाढदिवस.