सांगलीत मिळणारी पारदर्शक स्पीकर वायर: कुठे चालते, कुठे नाही

सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्पीकरची वायर मागितली की बहुधा पारदर्शक जोडवायरचं बंडल पुढे येतं, एका कडेला लाल रेघ असलेलं. आतल्या तारा तांब्यासारख्या चकाकतात. पण स्वस्त बंडलांत तांबं बऱ्याचदा वरच्या मुलाम्यापुरतंच असतं, आत ॲल्युमिनियम.

घेण्याआधी टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर मुलामा. बाहेरून पांढरी आणि आतून लाल निघाली तर ते कल्हई केलेलं तांबं, खुशाल घ्या. चुंबक लावून उपयोग नाही. तो दोन्हींना चिकटत नाही.

फरक पडतो तो रोधात, म्हणजे वीज वाहताना होणाऱ्या अडथळ्यात. 1.5 चौरस मिमी तांब्याची वायर 10 मीटर ओढली तर जाऊन-येऊन पाव ओहमच्या आसपास रोध येतो, म्हणजे 8 ओहमच्या स्पीकरला 3 टक्के. मुलाम्याच्या वायरचा रोध साधारण दीडपट: तिथे 5 टक्के, आणि 4 ओहमच्या स्पीकरला 10. पाच टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. बास सैल पडतो. 4 ओहमसाठी एवढ्याच अंतराला 2.5 चौरस मिमी तांबंच हवं.

दुसरा दोष हळूहळू दिसतो. स्क्रूखाली ॲल्युमिनियम दबत जातं, जोड ढिला होतो आणि आवाज खरखरतो. वारंवार वाकवलं तर तारा तुटतात त्या वेगळ्याच.

टीव्हीशेजारच्या 8 ओहमच्या स्पीकरला तीन-चार मीटर उघड्यावरून न्यायची असेल तर ही वायर चालेल. भिंतीत गाडायला मात्र नको. तिथे आयएस 694 (वायरचं भारतीय मानक) छापलेली, एफआर म्हणजे आग सहज न पसरवणाऱ्या इन्सुलेशनची दोन कोअरची तांब्याची वायर घ्या आणि तिला वेगळा पाइप द्या. 230 व्होल्टच्या वायरिंगच्या पाइपात ती कधीही घालू नका. उरलेल्या तुकड्याचा एक्स्टेन्शन बोर्ड करणं तर थेट धोक्याचं, कारण या वायरचं इन्सुलेशन त्या व्होल्टेजसाठी नसतं. स्पीकरला तीन पिनांचा प्लगही लावू नका, घरातलं कुणीतरी तो चुकून सॉकेटमध्ये खुपसेल.

जोडताना ॲम्प्लिफायर बंद ठेवा. 10 ते 12 मिमीच सोला, तारा घट्ट पिळा आणि एकही तार बाहेर डोकावत नाही हे बॅटरीच्या उजेडात पाहा. लाल रेघेच्या वायरीला दुसरी टेकली की ॲम्प्लिफायरचं आउटपुट जळू शकतं.