युनियन, इंडियन सोसायटी की विषयाचं मंडळ?

मावसभाऊ सप्टेंबरात इंग्लंडला एमएससीला निघालाय. परवा सदाशिव पेठेत त्याची बॅग काट्याला लावली होती. २३ किलोंत बसवायचं म्हणून मावशी मेतकुटाचा डबा आत सारत होती आणि कुकर बाहेर काढत होती. तेवढ्यात ह्याचा प्रश्न : "ताई, ग्रुपवर सगळे म्हणतायत इंडियन सोसायटी जॉइन कर. करू का? की नुसताच वेळ जातो?"

दोन्ही खरं आहे. सोसायटी, म्हणजे विद्यापीठातल्या भारतीय विद्यार्थ्यांचं मंडळ, हवंही आणि त्यात वेळही जातो. कशासाठी कुणाकडे जायचं हे आधी कळलं, तर कमी जातो.

युनियन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घोषणा आणि मोर्चे येतात. तिकडच्या स्टुडंट्स युनियनचं सभासदत्व प्रवेशाबरोबर आपोआप मिळतं, त्याची वेगळी वर्गणी नसते. नको असेल तर बाहेर पडायची मुभा १९९४च्या शिक्षण कायद्यानं दिलेली आहे, पण पडू नये. कारण बहुतेक युनियनचं एक सल्ला केंद्र असतं आणि ते विद्यापीठाच्या बाजूनं नाही, तुमच्या बाजूनं बोलतं. खोलीचा करार सही करण्याआधी तिथे दाखवता येतो.

मी तिथे शिकत होते तेव्हा मला ते केंद्र डिसेंबरात कळलं. पहिल्याच निबंधात दोन व्याख्या मी पुस्तकातून जशाच्या तशा उतरवल्या होत्या. पुण्यात अशा व्याख्येला पैकीच्या पैकी मिळायचे. तिथे वाङ्मयचौर्याच्या चौकशीचं पत्र आलं. फ्लॅटमधली आपलीच मंडळी म्हणाली, "काही होत नाही गं, सॉरी म्हणून मेल टाक." केंद्रातल्या बाईंनी आधी माझी वही मागितली. कच्च्या नोंदी, मसुदे, तारखा सगळं लावून घेतलं, लांबलचक माफीपत्र फाडायला लावलं आणि संदर्भ नेमका कुठे सुटला एवढंच लिहायला सांगितलं. चौकशीला शेजारी येऊन बसल्या. मार्क कापले गेले, वर्ष वाचलं.

पण ह्याच युनियननं मला थंडीची रजई कुठे स्वस्त मिळते ते सांगितलं नसतं. ते काम इंडियन सोसायटीचं. वर्षाची वर्गणी बहुधा काही पौंडांची. पहिले सहा आठवडे तिला तोड नाही : मागच्या बॅचचा राइस कुकर, खोलीला तिसरा भिडू, दिवाळीचा कार्यक्रम. मराठी मंडळं याहून वेगळी. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२चं आहे. अशा ठिकाणी भेटतात ती कुटुंबं, तिथे वीस-वीस वर्षं नोकरी केलेली माणसं. नोकरीच्या अर्जाबद्दल खरं बोलणारं माणूस मला तिथेच पोह्यांच्या रांगेत भेटलं.

खोट कुठे आहे? सगळ्या संध्याकाळी आपल्याच भाषेत जातात आणि मार्चमध्ये लक्षात येतं की वर्गातल्या कुणाशी धड ओळख नाही. शिवाय ज्यानं पुण्यात मांडव घातलाय, पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरलाय, त्याला तिथेही कुणीतरी कामाला जुंपतंच. सोसायट्यांच्या निवडणुका बहुतेक वसंतात, पुढच्या वर्षासाठी होतात. एका वर्षाच्या मास्टर्सवाल्याचा तेव्हा प्रबंध सुरू व्हायचा असतो आणि पुढच्या वर्षी तो तिथे नसतोच. म्हणजे पद नाही, फक्त खुर्च्या उचलणं.

वर्ग प्रतिनिधीची निवड मात्र साधारण ऑक्टोबरात होते. आठवड्याचा फारसा वेळ खात नाही, प्राध्यापकांशी बैठकीत बोलावं लागतं, आणि शिफारसपत्र मागताना त्यांना तुमचा चेहरा आठवतो. मला विचाराल तर एक वर्षाच्या कोर्सला ह्याहून चांगला सौदा नाही.

विषयाच्या सोसायटीबद्दल, म्हणजे आपल्याच विषयाच्या विद्यार्थ्यांच्या मंडळाबद्दल, थोडक्यात : कंपन्यांची व्याख्यानं असतील तर जा, नुसती पिझ्झा-संध्याकाळ असेल तर एकदा जाऊन ठरव.

कुणाला युनियनचीच ओढ लागली, तर पूर्णवेळ पगारी पदाधिकारी होता येतं. विद्यार्थी व्हिसावर पदवी आणि त्यावरच्या कोर्सला सत्रात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम चालतं, पण निवडून आलेल्या या पदाला ती मर्यादा नाही. त्या पदावर दोन वर्षांपर्यंत राहता येतं.

त्याचा मित्र मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकून जर्मनीला चाललाय. त्याचं गणित निराळं. तिथे सत्राचं शुल्क भरावंच लागतं आणि विद्यार्थी प्रतिनिधींच्या संघटनेचा वाटा बहुतेक ठिकाणी त्यातच असतो. त्यानं आधी विभागाचा विद्यार्थी गट, म्हणजे फाखशाफ्ट, शोधावा. जुन्या प्रश्नपत्रिका अनेकदा तिथेच मिळतात.

"मग दिवाळीला?" मावसभावाचा चेहरा पडला होता.

"दिवाळीला जा की. फराळ खा, खुर्च्याही उचल. फक्त खजिनदार होऊ नकोस."

मावशीनं ते ऐकलं आणि कुकर परत बॅगेत घातला. काटा २४.६ दाखवत होता.