जिंदोच्या नावाने 8 लाख वॉनला गंडलो

त्या माणसाने मला सांगितलेलं जवळजवळ सगळं खरं होतं. खोटं होतं ते फक्त पिल्लू.

आम्ही नोकरीनिमित्त कोरियात, सुवॉनला राहतो. लेकीला कुत्रं हवं होतं आणि मला जिंदोच हवा होता. एका ॲपवर जाहिरात सापडली. विकणारा गोड बोलणारा. देशाच्या नैऋत्य टोकाच्या जिंदो बेटावरची ही जात, रानडुकरावर सुद्धा तुटून पडते, एकदा मालक मानला की दुसऱ्याकडे ढुंकून बघत नाही, वगैरे. 1270 च्या सुमाराला मंगोल फौजांबरोबर आलेल्या कुत्र्यांचा हा वंश, असंही म्हणाला. (ही दंतकथाच, पण बेटावरचे लोकही ती सांगतात.) मग बेकगूची गोष्ट. 1993 मध्ये देजॉन शहरात विकलेली ही पांढरी कुत्री सात महिन्यांनी सुमारे 300 किलोमीटर तुडवत बेटावरच्या म्हाताऱ्या मालकिणीच्या दारात हजर झाली होती. विकलेलं कुत्रं जुन्या मालकाकडे पळून जातं, हे विकणाराच मला सांगतोय, यातली गंमत तेव्हा लक्षात आली नाही.

जातीच्या दाखल्याचा फोटो आला. ‘नैसर्गिक स्मारक क्रमांक 53’ हा सरकारी मान ठळक अक्षरांत, कोपऱ्यावर कागद धरलेला त्याचा अंगठा. 2 लाख वॉन इसार पाठवला. घरी बोलावलंच नाही, ‘तुम्हाला कशाला त्रास, अर्ध्या वाटेत भेटू’ म्हणाला. महामार्गावरच्या थांब्याच्या पार्किंगमध्ये, संत्र्यांच्या खोक्यात पिल्लू. बदामी रंग, कान पडलेले. जिंदोच्या पिल्लांचे कान आधी पडलेलेच असतात, काही महिन्यांनी उभे राहतात, हे मी वाचलं होतं, त्यामुळे उलट खात्रीच पटली! उरलेले 6 लाख तिथेच दिले. एकूण आपले 50 हजारांच्या आसपास.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी कातडीखालची ओळखीची चिप वाचायचं यंत्र मानेवरून, खांद्यांवरून, पोटाखालून फिरवलं. आवाजच नाही, म्हणजे चिपच नाही. दात बघून म्हणाले, दीड महिन्याचंही नसेल. दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू विकायलाच इथे बंदी आहे. मग त्यांनी जे सांगितलं ते आधी कळायला हवं होतं. 53 क्रमांकाचा मान जातीला सरसकट नाही. 1962 पासून तो बेटावरच्या कुत्र्यांना आहे, तोही मोठं झाल्यावर ठेवण, कान, शेपूट तपासून, पास झाला तर. 1967 च्या खास कायद्याने ही कुत्री बेटाबाहेर न्यायलाही बंधनं आहेत. खोक्यातल्या पिल्लाला तो दाखला मिळूच शकत नाही. मुख्य भूमीवर जन्मलेले चांगले जिंदो असतात, पण त्यांच्यासाठी कुणी 53 चा कागद नाचवू लागला तर तिथूनच मागे फिरा. आईबाप बघायला त्याच्या घरी जा, नाहीतर थेट बेटावर जा. 1984 पासून पूल आहे, इथून गाडीने चार-पाच तास. मी ते पाच तास वाचवले.

फोन अर्थातच बंद. पोलिसांत तक्रार दिली आहे, बँकेचा तपशील जोडून.

पिल्लू आमच्याकडेच आहे. नाव मोती. आता आठ महिन्यांचा झाला, डावा कान उभा, उजवा अजून लोंबतोय. नोंदणीच्या वेळी जातीच्या रकान्यात डॉक्टरांनी न विचारता ‘मिश्र’ लिहिलं.

गेल्या आठवड्यात ॲपवर तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, पिल्लू पांढरं. दाखल्याचा फोटो मात्र तोच, कोपऱ्यावर तोच अंगठा.